कानबाईचा उत्सव

कानबाईचा उत्सव : खानदेशातील कुळाचाराचा एक प्रमुख सण. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी तो साजरा होतो. नारळाला नथ, दागिने व वस्त्र लेववून त्याची देवीरूपाने स्थापना करतात, रात्री गाणी म्हणून जागरण करतात आणि सोमवारी सकाळी देवीला वाजतगाजत विसर्जनासाठी नदीवर नेतात. गाणी बहुधा अहिराणीत असतात. पूर्वेकडे सावदा, फैजपूर, यावल या लेवा पाटीदार वस्तीच्या पट्ट्यात बोली बदलते, सण तोच राहतो.

या उत्सवाचा गाभा देवीच्या मूर्तीपेक्षा ‘रोटा’त आहे. कुळातील प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ या मापाने गहू काढून दळण्याची चाल अनेक घरांत आहे. त्याच पिठाचा नैवेद्य होतो आणि तो भाऊबंदांखेरीज इतरांस दिला जात नाही. म्हणजे गव्हाचे माप हीच कुळाची शिरगणती होय. लेकी व सुना रात्रभर गातात, देवी सजवितात. तरीही या मोजणीत त्यांची मूठ नसते. सणाच्या कौतुकात ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.

कुळाची खूण वस्त्रात जपणारा समाज म्हणून स्कॉटलंडमधील डोंगराळ भागातील लोकांचे उदाहरण घेता येईल. जेकोबाइटांच्या बंडानंतर ब्रिटिश संसदेने 1746 च्या कायद्याने त्यांच्या पुरुषांना पारंपरिक पोशाख करण्यास मनाई केली. 1782 मध्ये ती उठली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने तोच चौकडीचा पोशाख राष्ट्रीय म्हणून मिरविला गेला. प्रत्येक कुळाची वेगळी चौकट ही कल्पनाही बव्हंशी त्याच शतकात रूढ झाली. दृश्य खूण अशी बंद करता येते, तशीच नव्याने घडविताही येते. पिठाच्या खुणेवर मात्र बाहेरच्यांची नजर जात नाही. ती घरातच राहते.

पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुणे येथे गेलेली कुटुंबे रोटासाठी मूळ गावी येतात. ज्यांना येणे शक्य नसते त्यांपैकी पुष्कळांनी कानबाईची स्थापना तेथेच सुरू केली. सुरतेतील खानदेशी कामगारवस्त्यांत या सोमवारी मिरवणुका निघतात. भाऊबंदकी विखुरलेली असल्याने तेथे शेजारी एकत्र येतात; रोट मात्र ज्याच्या त्याच्या घरी वेगळा भाजला जातो.