दोन चित्रांच्या मधली माणसं : मुंबईतील ॲनिमेशन-मंडळींचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाचा कार्टूनशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. एखादी वस्तू हलते म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे बौद्ध दार्शनिकांनी फार नेटाने लावून धरला. जे आहे ते क्षणभरच आहे, पुढच्या क्षणी दुसरं काहीतरी आहे, आणि ही माळ इतकी सलग असते की आपल्याला एकच वस्तू चालताना दिसते, असं क्षणभंगवाद सांगतो. हे पटो न पटो. पण ॲनिमेशन करणारा माणूस रोज सकाळी टेबलाशी बसून नेमकं हेच करत असतो. त्याच्यासमोर हलणारी वस्तू नसतेच. स्थिर चित्रं असतात, एकामागून एक.

आज आपण या मंडळींचा इतिहास पाहू. आणि तो पाहताना एक प्रश्न हाताशी ठेवू: या चित्रांचा कर्ता कोण?

आधी थोडा हिशेब करू. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. दहा मिनिटांची फिल्म म्हणजे १४,४०० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना चालवायचं, अशी काटकसर केली तरी ७,२०० चित्रं. त्यातही दोन पात्रं वेगवेगळ्या थरांवर असली की आकडा वाढतो. एका माणसानं हे करायचं ठरवलं तर त्याची काही वर्षं त्यातच जातील. म्हणून काम वाटलं जातं. मुख्य ॲनिमेटर हालचालीची महत्त्वाची चित्रं काढतो: हरणानं उडी घ्यायला पाय दुमडले, हरीण हवेत, हरीण जमिनीवर. यांच्या मधली चित्रं दुसरा कुणी काढतो. त्याला या धंद्यात ‘इनबिटविनर’ म्हणतात. मग ती चित्रं पारदर्शक सेलवर शाईनं गिरवणारे वेगळे, मागच्या बाजूनं रंग भरणारे वेगळे, पार्श्वभूमी रंगवणारे वेगळे, आणि एकेक चौकट कॅमेऱ्याखाली ठेवून टिपणारे वेगळे. म्हणजे ही कला पहिल्या दिवसापासूनच मंडळींची आहे. पण तिचा इतिहास मात्र आपण ‘पहिला’ आणि ‘जनक’ या दोन शब्दांत उरकतो.

आपल्याकडची सुरुवातच बघा ना. १८९२च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, ती एकापेक्षा अधिक दिव्यांतून अशी सरकवायची की पात्रं हलल्याचा भास व्हावा. हा उद्योग एकट्याचा नव्हता, घराचा होता. मुलं सोबतीला होती. चित्र काढणं, पट्टी सरकवणं, निवेदन करणं, ही कामं वाटून घेतल्याशिवाय खेळ उभाच राहत नाही.

पुढे दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत टिपली होती, आणि १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ ही आगकाड्या नाचवणारी छोटी फिल्म केली. ती आज उपलब्ध नाही. १९३४मध्ये ‘प्रभात’नं ‘जंबूकाका’ हे कार्टून काढलं. ते रघुनाथ केळकरांनी केलं. ‘प्रभात’ आदल्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्याला आली होती. त्याच १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचं ‘द पी ब्रदर्स’ही आलं. म्हणजे हौस होती, कसबही होतं. काय नव्हतं? सातत्य नव्हतं. एक फिल्म व्हायची आणि मंडळी पांगायची. शिकलेलं दुसऱ्याला शिकवायचं, तर रोज एकत्र बसायला एक खोली लागते आणि महिन्याच्या शेवटी पगार लागतो. व्यापारी स्टुडिओला हे परवडणारं नव्हतं. जे काम वर्षभर चालतं आणि पडद्यावर दहा मिनिटांत संपतं, त्यात पैसे कोण घालणार?

ते सरकारनं घातले. हा या इतिहासातला कळीचा मुद्दा आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली स्थापन झालं, आणि १९५६ साली त्यात कार्टून फिल्म युनिट सुरू झालं. शिकवायला अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स आले. हे डिस्नेचे ॲनिमेटर. ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’, ‘पीटर पॅन’ यांवर काम केलेले. त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी तयार झाली, त्यांत राम मोहन होते. मद्रासकडचे, रसायनशास्त्राचे पदवीधर. जी. के. गोखले यांच्यासारखे मराठी कलावंतही या युनिटमध्ये होते.

पहिली मोठी फिल्म १९५७ची, ‘द बनियन डीअर’. गोष्ट जातकातली, निग्रोधमृगाची. १९५६ हे बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं २५००वं वर्ष म्हणून देशभर साजरं झालेलं होतं, तेव्हा जातककथा त्या काळाच्या हवेतच होती म्हणायला हरकत नाही. गोष्ट थोडक्यात सांगतो. काशीचा राजा शिकारीचा नादी. हरणांच्या दोन कळपांनी ठरवलं, रोज पाळीनं एकानं स्वतःहून मरायला जायचं, म्हणजे बाकीच्यांची धावपळ आणि जखमा तरी टळतील. एके दिवशी पाळी एका गाभण हरिणीवर आली. तिनं आपल्या कळपाच्या प्रमुखाला विनवलं, त्यानं नियमावर बोट ठेवलं. मग ती दुसऱ्या कळपाच्या राजाकडे, निग्रोधमृगाकडे गेली. तिच्या जागी तो स्वतः जाऊन उभा राहिला. राजा हे पाहून विरघळला आणि त्यानं सगळ्यांनाच अभय दिलं. फिल्म पाहिली तर हरणांच्या धावण्यात ‘बॅम्बी’ची छाया स्पष्ट दिसते. त्यावर ‘हे तर डिस्नेचंच’ अशी टीका करता येते. आम्हाला ती अर्धी खरी वाटते. जो पहिल्यांदा गिरवायला शिकतो तो गुरूचंच अक्षर काढतो; आपलं वळण नंतर येतं.

आणि ते आलंही. जहांगीर भावनगरींनी १९५७मध्ये ‘राधा अँड कृष्ण’ केली. त्यात जुन्या लघुचित्रांवरूनच कॅमेरा फिरवला. नवं चित्र हलवण्याऐवजी आहे त्या चित्राकडे पाहणाऱ्याची नजर हलवली. प्रमोद पती ओडिशाचे, चेकोस्लोव्हाकियात बाहुल्यांच्या ॲनिमेशनचं शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी १९७२च्या ‘आबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरतींनाच एका खोलीत उभं करून जिवंत माणूस चौकट-चौकट हलवला. सरकारी खात्यात, सरकारी फिल्मच्या डब्यात हे झालं! १९७५मध्ये पती अकाली गेले.

पार्श्वभूमी रंगवायला आलेले भीमसैन याच वातावरणात शिकले, मग बाहेर पडले. १९७०च्या ‘द क्लाइंब’ला शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं. १९७४मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘एक अनेक और एकता’ केली. ती पुढे दूरदर्शननं घराघरांत नेली. इथे बसलेल्या पन्नाशीच्या श्रोत्यांना ते पक्षी, ते जाळं आणि ते उंदीर वेगळे सांगायला नकोत. संगीत वसंत देसाईंचं. आणि फिल्ममागची कल्पना विजया मुळे यांची, ज्यांना सगळे ‘अक्का’ म्हणत. गाणं पाठ असलेल्या किती जणांना ही नावं ठाऊक आहेत? आणि ही तर श्रेयनामावलीत असलेली नावं. नसलेल्यांचं काय?

आता या सरकारी आश्रयाची दुसरी बाजू. त्या काळी परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनच्या फिल्म दाखवाव्या लागत. मराठीसह अनेक भाषांत त्यांच्या प्रती निघत. म्हणजे या मंडळींचं काम पाहणारा प्रेक्षक कोट्यवधींचा. एवढा प्रेक्षक लाभलेले कलावंत जगात थोडे असतील. पण हा प्रेक्षक त्यांना पाहायला आलेला नसे. तो शेंगदाणे खात, खुर्ची शोधत, ‘हे संपू दे एकदाचं’ म्हणत बसलेला असे.

शिवाय काय काढायचं हे ठरवणारं दुसरंच कुणी. पाणी जपा, बचत करा, लहान कुटुंब सुखी कुटुंब. कुटुंबनियोजनावर पतींनी १९६८मध्ये ‘क्लॅक्स्प्लोजन’सारखी कल्पक फिल्म केली. पुढे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत जबरदस्ती किती होती हे आपण जाणतो. आता म्हणून रेषा काढणाऱ्याला जबाबदार धरायचं का? आम्ही धरणार नाही. पण राज्यसंस्थेच्या पगारावर कला उभी राहते तेव्हा तिचा विषय तिच्या हातात नसतो, हे लपवण्यातही अर्थ नाही. त्या खोलीनं कलावंत घडवले आणि त्याच खोलीनं त्यांना विषय नेमून दिले. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

१९६८मध्ये राम मोहन बाहेर पडले. आधी प्रसाद प्रॉडक्शन्स, मग १९७२पासून स्वतःचा स्टुडिओ. ‘भुवन शोम’मधला ॲनिमेशनचा भाग त्यांचा, ‘शतरंज के खिलाडी’मधला इतिहास सांगणारा तुकडाही त्यांचाच. युनिसेफची ‘मीना’, शाळेत जाऊ पाहणारी दक्षिण आशियाई मुलगी, त्यांच्याच हातची. जपानच्या सहकार्यानं झालेल्या ‘रामायण’मध्येही ते होते, तीच फिल्म २०२५च्या जानेवारीत पुन्हा चित्रपटगृहांत आली. २०१४मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९मध्ये ते गेले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, ‘भारतीय ॲनिमेशनचे जनक’. आदर म्हणून ठीक आहे. पण ज्यांच्या कारकिर्दीचं मोठं काम इतरांना शिकवणं हे होतं, त्यांना एकटं उभं करणं हा त्यांच्याच कामावर अन्याय नाही का?

इथे आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. संस्कृत व्याकरणात कर्ता म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र असतो तो. या व्याख्येनं इनबिटविनर कर्ता नाहीच. त्याच्या आधीचं चित्र दुसऱ्यानं ठरवलेलं, नंतरचंही ठरवलेलं. त्यानं फक्त मधलं काढायचं. पण तेच व्याकरण पुढे सांगतं की कर्ता एकटा क्रिया घडवत नाही. करण, अधिकरण वगैरे इतर कारकंही लागतात, आणि प्रत्येकाला क्रियेत आपली जागा असते. कॅनडाचे नॉर्मन मॅक्लॅरन तर म्हणत की प्रत्येक चौकटीवर काय आहे यापेक्षा चौकटींच्या दरम्यान काय घडतं ते ॲनिमेशनमध्ये अधिक महत्त्वाचं. हे मान्य केलं, तर दोन मुख्य चित्रांच्या मधली जागा भरणाऱ्या हाताला आपण दुय्यम कसं म्हणणार? हरणाचा पाय जड पडतो की हलका, ते बरंचसं त्या हातावर अवलंबून असतं. निग्रोधमृग दुसरीच्या जागी उभा राहिला ते सगळ्यांच्या समोर. ही माणसं आयुष्यभर दुसऱ्याच्या रेषेच्या जागी उभी राहिली, आणि ती जितकी चोख उभी राहिली तितकी दिसेनाशी झाली. नीट झालेलं मधलं चित्र वेगळं ओळखू येत नाही, हीच तर त्याची परीक्षा.

तेव्हा हा केवळ आठवणींचा विषय नाही. सेल हे तसं तात्पुरतंच माध्यम. टंचाईच्या काळात जगभरच्या स्टुडिओंत सेल धुऊन पुन्हा वापरले गेले आहेत. पेन्सिलीची चित्रं तर काम झालं की रद्दी. २०२२मध्ये फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पेडर रोडवरच्या त्याच परिसरात आता भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे जरूर जा. फिल्म राहतील, त्यांचं डिजिटायझेशन होईल. पण टेबलाशी बसलेल्या माणसाचं काय? साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी शाई गिरवली, रंग भरले, ती मंडळी आज ऐंशीच्या घरात आहेत किंवा गेलेली आहेत. आणि पुढे परदेशी मालिकांचं काम आपल्याकडे येऊ लागलं तेव्हा हेच पुन्हा झालं: मधलं काम इथे, नाव तिकडे. आता मधली चित्रं संगणक काढू लागला आहे. म्हणजे हे काम माणसं करत होती, हेच उद्या पटवून द्यावं लागेल.

म्हणून आपल्याला एक विनंती. हे व्याख्यान ऐकणाऱ्या वा वाचणाऱ्या कुणाच्या घरात, शेजारात, नात्यात असे कुणी काका, मावशी, आजोबा असतील, तर त्यांच्याशी बोला. मोठा ग्रंथ लिहायला नको. चार साध्या गोष्टी विचारा: दिवसाला किती चित्रं होत, पगार किती होता, शेजारच्या टेबलावर कोण बसत असे, आणि पडद्यावर पाहताना ‘हे माझं’ असं कुठे वाटलं. उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा, तारखेसह. यातला तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून आणखी एक नाव निघतं, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरचं आणखी एक.

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.