खो : दिलेला आणि घातलेला

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना 'खो घालणे' या वाक्प्रचाराचा एका विद्यार्थिनीने लिहिलेला अर्थ आमच्यासमोर आला : 'आपले काम सोबत्याकडे सोपवणे'. आम्ही लाल फुली मारली. 'अडथळा आणणे' हा अर्थ शालेय पुस्तकांपासून वृत्तपत्रांच्या मथळ्यांपर्यंत रूढ. त्यात शंका ती कसली? पुढे ती मुलगी खो-खो खेळते असे कळले आणि ती फुली आम्हालाच बोचू लागली.

मैदानावर तिचेच म्हणणे खरे आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा धावतो, पण त्याला घेतलेली दिशा बदलता येत नाही, पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळे. म्हणून बसलेल्याला मागून स्पर्श करून 'खो' म्हणायचे आणि त्याच्या जागी आपण बसायचे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खेळाला नियमांची चौकट दिली, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषकही झाला. खोचे हे मर्म बदललेले नाही. मग भाषेत अर्थ उलटला कसा?

आमच्या मते तो उलटला नाही, बघणारा बदलला. पळणाऱ्याच्या बाजूने पाहा : पाठलाग करणारा पट्टीपलीकडे अडकला म्हणून तो निर्धास्त असतो, तोच 'खो' ऐकू येतो आणि समोर ताजा गडी उभा! वाट बंद. वाक्प्रचाराने ही बाजू उचलली. क्रियापदही पाहण्यासारखे आहे. खेळाडू बहुधा खो 'देतात'. वाक्प्रचारात तो 'घातला' जातो, म्हणजे आळा, बांध, पायबंद यांच्या पंगतीत जाऊन बसतो. २००० नंतरच्या दशकात मराठी अनुदिनीकार एखादा विषय पुढच्याकडे सोपवताना 'खो दिला' असेच लिहीत. दोन्ही अर्थ असे क्रियापदांच्या आधाराने शेजारी नांदतात. (कचेऱ्यांतल्या टोलवाटोलवीला 'खो-खो' म्हणतात, ते मात्र खेळावर अन्यायाचे, तिथे उठून धावतो कोण?)

तेव्हा त्या मुलीची चूक एका क्रियापदापुरती होती. 'देणे' आणि 'घालणे' यांतला हा फरक तिला आम्ही वर्गात कधी सांगितलाच नव्हता. अर्धा गुण द्यावा असे वाटले, तोवर गुणपत्रिका वाटून झाल्या होत्या.