दिव्य आणि न्यायाधीशाची नजर

मराठेशाहीत पाटीलकी, कुलकर्ण अथवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे आला, आणि कागदपत्र, साक्षी व भोगवटा यांवरून निवाडा होईना, म्हणजे वादी-प्रतिवादींपैकी एकास दिव्य करावयास सांगत. रवादिव्यात तेल व तूप एकत्र कढवून त्यात धातूचा रवा टाकीत. तो हाताने बाहेर काढल्यावर त्या हातास पिशवी बांधून वर मोहोर करीत, आणि पुढे ठरल्या दिवशी मजालसीसमक्ष ती फोडून, हात निर्मळ निघाला तर खरा, फोड दिसला तर खोटा, असे ठरवून महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, करीत. त्यावर पाटलाची नांगराची व बलुतेदारांच्या आपापल्या निशाण्या होत.

दिव्यांच्या विधीत सावधगिरीची उणीव नव्हती. अग्निदिव्यापूर्वी, म्हणजे तापलेला लोखंडी गोळा हातांवर घेण्यापूर्वी, हातांवर भात चोळून आधीचे वण व्रण लक्षात घ्यावेत आणि मग पिंपळाची सात पाने तळहातावर बांधावीत, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. जुन्या व्रणाला नवा समजून निरपराध्यास दोषी ठरवू नये, हा त्यातील हेतू उघड आहे. परंतु पाहणाराची नजर फसते हे ज्यांनी ओळखले, त्यांनी हाताचा फोड हा जिभेच्या असत्याचा पुरावा कसा, हे मात्र तपासले नाही. नांगर धरून घट्टे पडलेला हात आणि लेखणी धरणारा हात सारखे भाजत नाहीत. शिवाय किंचित लाली फोड मानावी की नाही, हे ठरविणारे लोक त्याच गावचे, त्याच भाऊबंदकीतले, मनाशी आधीच कौल देऊन बसलेले असू शकत. एकदा निवाडा झाला की तोच दिव्याच्या खरेपणाचा दाखला होई, आणि विरुद्ध पुरावा शोधण्याचे प्रयोजनच संपे.

दिव्ये बंद झाली, तरी शरीराच्या खुणांवरून असत्य ओळखू पाहणारा तो मनोधर्म लोपला नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २८० साक्षीदाराच्या हावभावांविषयी महत्त्वाचे वाटेल ते नोंदविण्यास न्यायाधीशास सांगत असे. पण कोर्टाची पायरी प्रथमच चढलेल्या माणसाचा आवाज भीतीनेही कापतो, आणि सराईत लबाड स्थिर स्वरात बोलतो. घाम पाहून असत्य ठरविणे हे फोड पाहून असत्य ठरविण्याहून फारसे वेगळे नव्हे. निःपक्षपात हा न्यायाचा आरंभ आहे, त्याची पूर्तता नव्हे; म्हणून साक्षीदाराची उलटतपासणी ऐकणाऱ्या न्यायाधीशाने निकालपत्रावर सही करण्यापूर्वी स्वतःच्या अनुमानाचीही तितकीच कठोर उलटतपासणी घेतली पाहिजे.