इस्पितळ: जुने गोवे ते बांबोळी

गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले मोठे सरकारी इस्पितळ पणजीजवळ बांबोळीच्या पठारावर, मुंबई–गोवा महामार्गाला लागून उभे आहे. गोव्यातली मराठी वर्तमानपत्रे त्याला 'गोमेकॉ' म्हणतात. सीमेपलीकडे, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या बाजूला त्याचे नाव नुसते 'बांबोळी'. एखाद्याला बांबोळीला हलवले, एवढे कानावर पडले की दुखणे किती गंभीर आहे ते गावाला कळते. 'इस्पितळ' हा शब्दही मराठीत पोर्तुगीजांकडूनच आला, आणि त्यांचे गोव्यातले पहिले इस्पितळ हीच या संस्थेची दूरची सुरुवात.

१५१०मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि लगेच जुन्या गोव्यात राजाच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले. लिस्बनहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेली गलबते आजारी खलाशी आणि सैनिक उतरवीत. त्यांच्यासाठी हे इस्पितळ होते, स्थानिक माणसासाठी नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांकडे गेला. १६०८च्या सुमारास पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी तिथे स्वतः रुग्ण म्हणून राहिला आणि स्वच्छ अंथरुणे, उत्तम जेवण, चांदीची भांडी यांचे त्याने तोंडभरून वर्णन केले. पण लिस्बनहून आलेले असंख्य सैनिक या सुंदर इमारतीतच मरण पावले. दूषित पाणी आणि साथी यांच्यापुढे चांदीच्या ताटाचा उपयोग नव्हता.

त्या काळातली वैद्यकीय देवाणघेवाण मात्र खरोखर विलक्षण होती. १५३४मध्ये गोव्यात आलेला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही जात असे आणि तिथल्या हकिमांशी चर्चा करी. इथल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीचे वर्णन आहे आणि रोगासाठी इथल्या लोकांचा शब्दही नोंदलेला आहे: तो आपला 'मोडशी'. हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी 'मोर्देशिं' झाला आणि पुढे युरोपच्या वैद्यकीय लेखनात शिरला. याच ओर्ताची हाडे, तो ज्यू असल्याच्या आरोपावरून, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८०मध्ये, इन्क्विझिशनने उकरून जाळली.

स्थानिक वैद्यांबाबत राज्यकर्त्यांची भूमिका दुटप्पी राहिली. १५६७च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी परधर्मी वैद्याकडे जाऊ नये असे ठरवले, पण व्हाइसरॉयांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे हिंदू वैद्यांकडून औषध घेत राहिले. १६१८मध्ये गोव्याच्या नगरपालिकेने वैद्यांना परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला आणि परवान्यांची संख्या तीसवर बांधली. बंदी घालून जे थांबले नाही ते मोजून ठेवायचे, असा तो मार्ग होता. गावातल्या माणसाचे औषधपाणी या सगळ्या काळात वैदू, वैद्य आणि सुईण यांच्याच हाती होते.

साथींनी जुने गोवे ओस पडत गेले. मांडवीच्या काठाने वस्ती पणजीकडे सरकली, १८४३मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि लष्करी इस्पितळही तिकडे आले. वैद्यक शिकवण्याचा एक प्रयत्न १८०१मध्ये मुख्य वैद्य आंतोनियु जुझे द मिरांद आल्मैद यांनी केला होता, पण तो त्यांच्यापुरताच राहिला. कायमची शाळा ५ नोव्हेंबर १८४२ रोजी, गव्हर्नर कोंद दास आंतास यांच्या काळात निघाली. 'एस्कोल मेदिकु-सिरुर्जिक द गोवा' हे तिचे नाव, आणि मातेउश सेझारियु रुद्रिगिश मुआशु हे तिचे पहिले प्रमुख. पोर्तुगालच्या दरबाराने १८४७मध्ये तिला मान्यता दिली.

ही आशियातली सर्वांत जुनी वैद्यकीय शाळा, असे गोव्यात अभिमानाने सांगितले जाते. कलकत्ता आणि मद्रासची महाविद्यालये १८३५ची, त्यामुळे हा दावा तसाच्या तसा टिकत नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपेक्षा मात्र ती तीन वर्षांनी जुनी आहे. या दोन संस्थांमधले अंतर एका माणसाच्या चरित्रात दिसते. डॉ. भाऊ दाजी लाड हे पेडण्यातल्या मांद्र्याचे. पण त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले आणि १८५१मध्ये ते ग्रँटच्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. पणजीच्या शाळेत शिकवण्याची भाषा पोर्तुगीज होती आणि विद्यार्थी बहुतांश ख्रिस्ती घरांतले. हिंदू विद्यार्थ्यांची संख्या वाढायला विसावे शतक उजाडावे लागले.

शाळेची अवस्था बरीच वर्षे हलाखीची होती. साधने तुटपुंजी, शिक्षक लष्करी डॉक्टरांपैकीच, आणि लिस्बनमध्ये अधूनमधून ती बंद करण्याचा विचार निघे. ती टिकली याचे एक कारण म्हणजे साम्राज्याला तिच्या पदवीधरांची गरज होती. मोझांबिक, अंगोला, गिनी अशा वसाहतींत जायला पोर्तुगालमधले डॉक्टर नाखूश असत. तिथे गोव्याचे डॉक्टर पाठवले गेले आणि हिवताप, देवी यांच्याशी झुंजले. आफ्रिकेत त्यांच्याकडून डॉक्टरचे काम घेतले जाई, पण पोर्तुगालमध्ये त्यांच्या पदवीला पूर्ण मान नव्हता. तिथे व्यवसाय करायचा तर पुन्हा परीक्षा द्यावी लागे. हा अन्याय या शाळेच्या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

विसाव्या शतकात शाळेने स्थानिक रोगांकडे नीट पाहायला सुरुवात केली. बाणावलीचे डॉ. फ्रोइलानु द मेलु हे शाळेचे संचालक आणि परोपजीवी जंतूंचे नामांकित अभ्यासक. त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी माकाझनला आश्रम उभारला. पुढे पणजीचे नगराध्यक्षपद सांभाळले आणि लिस्बनच्या संसदेतही गोव्याचे प्रतिनिधित्व केले.

डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला. दोन वर्षांत जुन्या एस्कोलचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, पोर्तुगीजची जागा इंग्रजीने घेतली आणि संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. १९८५मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत हे नाते राहिले. मांडवीकाठची जुनी इमारत अपुरी पडू लागल्यावर विभाग टप्प्याटप्प्याने बांबोळीला हलले. रिकाम्या झालेल्या वास्तूत २००४पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो.

बांबोळीला आल्यावर इस्पितळाचा प्रदेश खऱ्या अर्थाने बदलला. म्हापशाचा 'आझिल' आणि मडगावचे 'ऑस्पिसियु' ही जिल्हा इस्पितळे जिथे थांबत, तिथून रुग्ण इकडे येऊ लागला; आणि दक्षिण सिंधुदुर्ग व कारवारहूनही. सावंतवाडीहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर, कोल्हापूर घाट चढून पलीकडे, आणि बांबोळी मात्र सत्तर किलोमीटरच्या आत. डोक्याला मार लागलेल्या किंवा बाळंतपणात अडलेल्या रुग्णासाठी हा हिशेब निर्णायक ठरतो. शिवाय पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखातले. नातीगोती, देवस्थाने, बोली सगळी एकच. राज्याची सीमा नंतर आली, माणसांची ये-जा आधीची आहे.

ही ये-जा २०१८च्या आरंभी अडखळली. गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. राज्याच्या तिजोरीवरचा भार हे कारण खरे होते, आणि ज्या कुटुंबांना दुसरा दवाखाना जवळ नव्हता त्यांची अडचणही तितकीच खरी. दोडामार्गात त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून या रुग्णांचा खर्च भागवण्याची वाट त्यानंतर शोधली गेली.

मे २०२१ हा संस्थेच्या इतिहासातला अतिशय दुःखद महिना. करोनाच्या दुसऱ्या लाटेत पहाटेच्या वेळी ऑक्सिजनचा दाब कमी पडत असे, त्या काळात अनेक रुग्ण दगावले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला त्यात लक्ष घालावे लागले. त्याच वॉर्डांत निवासी डॉक्टर आणि परिचारिका दिवसरात्र राबत होत्या.

सिंधुदुर्गचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२मध्ये ओरोसला सुरू झाले आणि कारवारलाही सरकारी महाविद्यालय आहे. नव्या संस्थेत तज्ज्ञ आणि यंत्रे जमायला वर्षे लागतात. तोवर सीमेवरच्या गावांतून निघालेल्या रुग्णवाहिका पत्रादेवीचा सीमानाका ओलांडून बांबोळीकडेच वळतात.