छातीला मुका मार लागलाय? बाहेर जखम नसली तरी आत रक्त साचू शकतं

बैलाने ढुशी दिली, ट्रॅक्टरवरून तोल गेला, गाडी घसरली आणि हँडल छातीत बसलं. माणूस उठला, कपडे झटकले, 'काय नाय झालं' म्हणत घरी आला. घरच्यांनी आंबेहळदीचा लेप लावला, शेक दिला. रात्री मात्र धाप लागली आणि अंगाला गार घाम सुटला. अशा वेळी छातीच्या आत रक्तस्राव झालेला असू शकतो. डॉक्टर त्याला 'हिमोथोरॅक्स' म्हणतात.

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. एक फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला. बरगडी मोडली की तिचं टोक फुफ्फुसात घुसतं, नाहीतर बरगडीच्या खालच्या कडेने जाणारी रक्तवाहिनी फाटते आणि रक्त या दोन पडद्यांच्या मध्ये उतरतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. छातीच्या एकाच बाजूला त्यातलं दोन लिटरहून जास्त मावू शकतं. म्हणजे बाहेर एक थेंब न सांडताही जीव जाऊ शकतो. त्यात फुफ्फुस दाबलं जातं आणि श्वास अपुरा पडतो, ते वेगळंच.

बहुतेक वेळा कारण अपघात, मारहाण किंवा भोसकल्याची जखम हेच असतं. मार न लागताही कधी कधी असं होतं. फुफ्फुसाचा कॅन्सर, छातीतली मोठी धमनी फुटणं, रक्त न गोठण्याचा आजार ही त्याची कारणं. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साधा वाटणारा मारही महागात पडतो, म्हणून डॉक्टरांना त्या गोळ्यांचं नाव आधी सांगावं. छातीतून काढलेलं पाणी लालसर दिसलं म्हणजे रक्तच साचलंय असं मात्र नाही. टीबीतही पाणी कधी कधी लालसर येतं, ते तपासणीत कळतं.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

खोल श्वास घेताना कळ येणं, दम लागणं, नाडी जोरात चालणं, चेहरा पांढरा पडणं, चक्कर येणं, छातीची एक बाजू कमी हलणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करावा. ही सेवा मोफत आहे. शुद्धीवर असलेल्या आणि मान-पाठीला मार नसलेल्या माणसाला अर्धवट बसतं ठेवावं. छातीला फडकं आवळून बांधू नये, त्याने श्वास आणखी कोंडतो. मालिश तर अजिबात नको. शिंग, सळई, चाकू असं काही आत रुतलं असेल तर उपसू नये. तेच कधी कधी रक्त अडवून धरतं. ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायला-प्यायला देऊ नये. 'छातीत दुखतंय' म्हणून घरातली हार्टअटॅकची गोळीही देऊ नये. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजन आणि सलाईन लावून पुढे पाठवलं तर 'इथेच बघा' म्हणून वाद घालण्यात वेळ घालवू नये. एक्स-रे, सोनोग्राफी, सर्जन आणि रक्ताची सोय जिथे आहे तिथेच हे काम होतं. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये बरंचसं रक्त सुटून जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन सांगतात.

'नळी टाकली म्हणजे संपलं' हा गैरसमज

खरा उपचार म्हणजे छातीत नळी. इथेच नातेवाईक सही करायला कचरतात आणि मोलाचा वेळ जातो. काखेच्या खाली, चौथ्या-पाचव्या बरगडीजवळची जागा बधिर करून नळी आत सरकवतात. रक्त बाहेर येतं, फुफ्फुस पुन्हा फुलतं. बहुसंख्य रुग्ण एवढ्यावरच बरे होतात, छाती उघडावी लागत नाही. नळी टाकताच दीड लिटरच्या आसपास रक्त आलं, किंवा नंतर तासाला २०० मिलीलिटरच्या वेगाने दोन-चार तास येतच राहिलं, तर मात्र ऑपरेशन करून फाटलेली रक्तवाहिनी बांधावी लागते. रक्त चढवावं लागू शकतं, तेव्हा सोबत रक्तदाते असलेले बरे.

नळीची बाटली कायम छातीच्या पातळीच्या खाली ठेवावी. संडासला नेताना कुणीतरी ती उचलून खांद्याएवढी धरतं, तसं केलं तर आतलं पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. नळीला पीळ पडू देऊ नये आणि ती मनाने बंद करू नये. बाटलीतलं रक्त अचानक वाढलं किंवा नळी निसटली तर लगेच सिस्टरला हाक मारावी.

गुठळ्या आत राहिल्या तर पू होतो, किंवा फुफ्फुसावर जाड साल धरून ते कायमचं आखडतं. म्हणून दुर्बिणीतून गुठळ्या काढायला सांगितलं तर ते पहिल्या आठवड्यातच उरकलेलं चांगलं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवावं.

बरगडी मोडलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या दिवशीचा एक्स-रे चांगला आला तरी रक्त दोन-चार दिवसांनी, क्वचित आठवड्यानंतरही साचू शकतं. घरी आल्यावर दम वाढला, ताप आला किंवा त्याच बाजूला जडपणा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत दाखवावं आणि जुना एक्स-रे सोबत न्यावा.