दहाच्या पान्याचा नट आणि कृष्णपुऱ्यातले मिस्त्री



कृष्णपुरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी छत्र्या येतात. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. पुढे खान नदीच्या काठी महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या उभ्या राहिल्या. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आज लिहितोय तो मात्र फारसं कुणी लिहून न ठेवलेला, आपल्या घरातल्या मोटारसायकलींचा आणि त्या चालत्या ठेवणाऱ्या हातांचा इतिहास. तोही एका बारक्या वस्तूवरून: सायलेन्सरच्या स्टडवरून.

ज्यांनी पाना कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातला जळलेला वायू हेडमधून सायलेन्सरच्या नळीत जातो. ही नळी हेडला धरून ठेवायला दोन स्टड असतात. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, दोन्ही टोकांना आटे, आपल्या इंदुरी बोलीत चूडी. एक टोक हेडमध्ये कायमचं बसलेलं, दुसऱ्यावर नट. जाडी फक्त ६ मिलिमीटर, नटाला १० नंबरचा पाना.

गंमत म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या काही गाड्यांना हे दुखणं नव्हतंच. १९५५पासून मद्रासला बुलेट बनू लागली, तिची नळी हेडमध्ये नुसती खोचलेली असे. १९६१पासून म्हैसूरला जावा बनू लागली, तीच पुढे येझदी झाली. तिला स्टडऐवजी सिलिंडरच्या तोंडावरच मोठी गोल चकतीसारखी नट असायची, आकड्याच्या पान्याने फिरवायची. शिवाय जावा, येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, त्यामुळे सायलेन्सरमध्ये कार्बन धरायचा आणि गाडी ओढेनाशी व्हायची. मग दर काही महिन्यांनी सायलेन्सर उतरवून कार्बन काढणं आलंच. कटकट होती खरी, पण तिचा एक फायदा होता. जो नट वारंवार उघडतो तो अडकत नाही.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात बऱ्याच जणांना आठवत असेल. नोकरदार मराठी घरांना हे वरदानच होतं. ऑइल मिसळायला नको, कार्बन काढायला नको, पेट्रोलचा खर्च कमी. १९९४ला स्प्लेंडर आली आणि गल्लोगल्ली याच जातीच्या गाड्या दिसू लागल्या. पण सायलेन्सरही लोक खरोखरच विसरले. सात-सात, आठ-आठ वर्षं त्या दोन नटांना कुणी हात लावत नसे.

हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड पोलादाचा. गाडी चालली की दोन्ही तापतात, थांबली की निवतात. त्यात पावसाळ्याचं पाणी आणि चिखल. नट स्टडवर गंजतो, स्टड हेडमध्ये धरतो. मग एक दिवस सायलेन्सर सडतो, बदलायला कुणीतरी पाना लावतं, नट हलत नाही म्हणून पान्याला पाइप जोडून जोर देतं आणि कट्! नट हातात, अर्धा स्टड हेडमध्ये.

नव्वदच्या दशकात आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीचं एका दुकानात असंच झालं. तिथे त्यांना सांगितलं, हेडच बदलावं लागेल. घरात कमावणारे एकटे काका, आणि मुलीच्या शाळेपासून आजींच्या दवाखान्यापर्यंत सगळं त्या एका गाडीवर. गाडी ढकलतच त्यांनी छत्र्यांमागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेली. मी बरोबर होतो, त्यामुळे पुढचं काम सगळं पाहिलं.

मिस्त्रींनी घाई अजिबात केली नाही. स्टडचा तुकडा थोडासा बाहेर होता. त्यावर घासलेट आणि ऑइलचं मिश्रण सोडलं, हलके चार ठोके दिले आणि काकांना म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्योत स्टडवर नाही, तर भोवतालच्या हेडवर फिरवली. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक सैल होतं. मग तुकड्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग केलं. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी. पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा ऑइल. पाव-पाव फेऱ्यांनी तुकडा बाहेर आला. हेड वाचलं.

स्टड आतच तुटला असता तर काय केलं असतं, तेही त्यांनी समजावलं. आधी हेडच्या तोंडात कापड कोंबायचं, म्हणजे कीस आत जात नाही. तुटलेलं टोक कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंच मारायचा. बारीक ड्रिलने सुरुवात करून ५ मिलिमीटरपर्यंत जायचं, उरलेली चूडी टोकदार सळीने सोलून काढायची आणि ६ चा टॅप फिरवायचा. मध्य चुकला तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं, मग मोठं भोक पाडून बुश बसवण्याशिवाय इलाज नाही. उलट्या चूडीच्या इझी-आउटला मात्र ते भीत. तो इतका कडक असतो की आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापतच नाही. म्हणजे एका दुखण्याची दोन दुखणी.

नवा स्टड हाताने बसवला, चूडीला ग्रीस लावलं, नळीच्या तोंडाशी नवी रिंग घातली आणि दोन्ही नट आळीपाळीने आवळले. निघताना काकांना बजावलं, दर पावसाळ्यानंतर हे दोन नट एकदा सैल करून परत आवळत जा. काकांनी ते शेवटपर्यंत पाळलं. ती गाडी पुढे त्यांच्या मुलीने कॉलेजला नेली.

मंडळी, आपण इंदुरी मराठी माणसं होळकरांचा इतिहास सांगतो, क्रिकेट सांगतो, उस्ताद अमीर खाँसाहेब सांगतो. सांगायलाच हवं. पण ज्यांनी आपल्या मध्यमवर्गीय घरांचा हजारोंचा खर्च एका दिवसाच्या सबुरीने वाचवला, त्यांची नोंद कुठे नाही. आता हेड सरळ बदलून मिळतं, ते सोपंही आहे. त्यामुळे हे काम येणारे हात कमी होत चाललेत.

तुमच्या अंगणात वडिलांची जुनी गाडी उभी असेल तर या रविवारी ते दोन नट बघा. आणि तुमच्या पेठेत, रामबागेत, मल्हारगंजात असे मिस्त्री असतील तर त्यांच्या कामाबद्दल खाली जरूर लिहा. काय काम करायचे आणि कसं करायचे, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ.