विज्ञानकथा, पडदा आणि फळा

शास्त्र शिकवावयाचें तें प्रयोगानें आणि गणितानें, गोष्टी सांगून नव्हे, असा एक कडक पक्ष आम्हां मास्तरांत पूर्वीपासून आहे. चित्रपटाचें किंवा दूरचित्रवाणीचें नांव काढतांच या पक्षाच्या कपाळास आठी पडते. त्याचें म्हणणें सर्वस्वी खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु इतिहासाची साक्ष काढली तर ती त्याच्या बाजूनें पडत नाहीं.

ग्रहगतीचे नियम शोधून काढणारा केप्लर हा पहिल्या प्रतीचा गणिती. त्याचें 'सोम्नियम' म्हणजे 'स्वप्न' हें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1634 सालीं छापलें गेलें. चंद्रावर राहणाऱ्यास आकाश कसें दिसेल, हें त्यानें एका स्वप्नकथेच्या आवरणाखालीं वर्णिलें आहे. ज्या भूमीवर आपण उभे आहों ती स्थिर वाटते, एवढ्यावरून ती स्थिर आहे असें ठरत नाहीं, हें त्यास लोकांच्या गळीं उतरवावयाचें होतें; आणि त्या कामीं गणितापेक्षां गोष्ट अधिक सोयीची, हें त्यानें ओळखलें होतें.

आपल्या भाषेंत ही वाट 1900 च्या सुमारास उघडली. त्या सालीं 'केरळ कोकिळ' मासिकांत ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचें भाषांतर येऊं लागलें. व्हर्ननें आपले प्रवासी तोफेंतून उडविले. तोफेची लांबी 900 फूट आणि गोळ्याचा वेग सेकंदास सुमारें 11 किलोमीटर. वसईच्या शाळेंत मी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घेत असें. एवढ्या थोड्या अंतरांत एवढा वेग यावयाचा, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें बावीस हजार पट निघतें. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या मुलास आपलें वजन अकराशें टन झालेलें भासेल! वर्गांत हंशा पिके, आणि मग कोणीतरी आपण होऊन विचारी कीं, तोफ चालत नाहीं तर काय चालेल? हा प्रश्न पाठ्यपुस्तकांतला धडा वाचून मला कधीं ऐकूं आला नाहीं.

त्याचें उत्तर चित्रपटानेंच पुढें लोकांसमोर मांडलें. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'चंद्रावरील स्त्री' हा जर्मन मूकपट 1929 सालचा. त्यास अग्निबाणशास्त्रज्ञ हर्मान ओबर्थ याचा सल्ला लाभला होता. टप्प्याटप्प्यानें सुटणारा अग्निबाण आणि उड्डाणापूर्वीची उलट गणती या दोन्ही गोष्टी त्यांत आहेत. ती उलट गणती आज श्रीहरिकोट्यासहि चालते.

अलीकडच्या पुष्कळ चित्रपटांना मात्र असा सल्लागार मिळालेला दिसत नाहीं. अंतराळांत यान फुटतें आणि त्याचा गडगडाट होतो! असा प्रसंग मुलांनीं पाहिला असला, कीं मी त्यांस आमच्या गांवच्या घंटांची आठवण देत असें. 1739 च्या मोहिमेंत मराठ्यांनीं वसई प्रांतांतील पोर्तुगीज देवळांच्या घंटा काढून नेल्या. त्यांपैकीं भीमाशंकर आणि मेणवली येथील प्रसिद्ध आहेत. त्यांचा नाद कानावर येतो तो हवेच्या आधारानें. तीच घंटा चंद्रावर टांगली तर बडविणाऱ्याचे हात दुखतील, पण शेजाऱ्यास कांहीं ऐकूं जावयाचें नाहीं. चित्रपटांतली चूकहि अशी कामास येते. मात्र ती दाखविणारा कोणी जवळ पाहिजे.

तो नसला म्हणजे पडदा काय करतो, हें 16 फेब्रुवारी 1980 रोजीं दिसलें. त्या दिवशीं खग्रास सूर्यग्रहण होतें. त्याचा पट्टा कारवारच्या बाजूनें शिरून हैदराबादवरून ओरिसाकडे गेला. आमच्या वसईस तें खंडग्रास होतें. पुठ्ठ्यास टाचणीनें छिद्र पाडलें असतें तरी भिंतीवर सूर्याची कोर पाहावयास मिळाली असती. परंतु लोकांनीं बाहेर पडूंच नये म्हणून दूरदर्शननें त्या दुपारीं 'चुपके चुपके' हा विनोदी चित्रपट दाखविला. चित्रपट उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाहीं.

तोंपर्यंत आपल्याकडे निराळा प्रयत्न सुरू झाला होता. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल हे स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत. त्यांनीं जॉन एलियट यांच्यासह लिहिलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका बीबीसीनें 1961 सालीं दाखविली. त्या वेळीं जयंत विष्णु नारळीकर हे हॉयल यांच्याच हाताखालीं संशोधन करीत होते. पुढें 1974 सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेंत 'नारायण विनायक जगताप' या अनोळखी लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेस पहिलें बक्षीस मिळालें. नांवाचीं आद्याक्षरें उलटीं वाचलीं म्हणजे लेखक कोण तें कळतें! अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाबाईंच्या हातची होती. हेच नारळीकर 2021 सालीं नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. 20 मे 2025 रोजीं ते निवर्तले.

त्यांच्या 'धूमकेतू' या कथेवरून चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीनें चित्रपट काढला, आणि तीच कथा इंग्रजींतून आठवीच्या पूरक वाचनांतहि होती. दत्तदा नांवाच्या हौशी निरीक्षकास धूमकेतू सांपडतो. तो पृथ्वीवर आदळणार असें गणित सांगतें. शास्त्रज्ञ अण्वस्त्रें धाडून त्याची वाट वळवितात. आणि इकडे दत्तदांच्या स्वतःच्या घरीं शांतियज्ञ मांडलेला! पृथ्वी वांचली ती कशानें, हा प्रश्न वाचकाच्या पदरीं टाकून लेखक मोकळा होतो. मला ही कथा फार मोलाची वाटते, कारण आमच्या पुष्कळ घरांत तो यज्ञ आणि दूरचित्रवाणी एकाच खोलींत नांदतात.

या कथेचेंहि गणित ढोबळ मानानें करतां येतें. धूमकेतूस आडवा धक्का देऊन सेकंदास केवळ एक सेंटिमीटर वेग दिला असें धरा. वर्षाचे सेकंद सुमारें 3 कोटि 15 लाख. म्हणजे वर्षभरांत तो 315 किलोमीटर सरकेल, आणि वीस वर्षांत 6,300. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर आहे. वीस वर्षें आधीं पत्ता लागला तर चिमुकला धक्का जवळजवळ पुरतो. एक वर्ष आधीं लागला तर तोच धक्का कुचकामाचा. दुर्बिणीवर पैसा कां खर्चावा, हें सातवी-आठवीच्या पोरास याहून सोप्या रीतीनें कसें सांगावें, तें मला माहीत नाहीं.

26 सप्टेंबर 2022 रोजीं अमेरिकेच्या 'डार्ट' यानानें डायमॉर्फस या लहानशा अशनिगोलास सेकंदास सुमारें 6 किलोमीटर वेगानें मुद्दाम धडक दिली. तो एका मोठ्या सोबत्याभोंवतीं 11 तास 55 मिनिटांत प्रदक्षिणा घालीत असे. धडकेनंतर तीच प्रदक्षिणा सुमारें 11 तास 23 मिनिटांत होऊं लागली.